रुचिराची पत्रं

तेरा वर्षांच्या रुचिराच्या शिक्षणाचा भार परदेशातल्या एका बाईंनी उचलला होता. तिची पत्रं इंग्रजीत करून बाईंना पाठवायचं काम मिशनमधल्या फ्लेवियाकडे होतं. बाईंचं उत्तर घेऊन फ्लेविया चारकोपला तिच्या घरी गेली, तेव्हा रुचिराचा बाप बायकोला पट्ट्याने फोडून काढत होता. फ्लेविया मध्ये पडली. बक्कल लागून तिची भुवई फाटली. शेजाऱ्यांनी धावत येऊन बापाला धरलं.

रुचिरा ओढणीने फ्लेवियाचं रक्त टिपू लागली. “आंटी, बाबा आईला मारतात, हे मी प्रत्येक पत्रात लिहिते. पण त्या बाई एकदाही काही विचारत नाहीत. असं का?”

फ्लेवियाची मान खाली गेली.

“त्यांना ठाऊकच नाही गं. मी दर वेळी ‘घरी सगळे मजेत’ असंच लिहायचे.”