घोरण्याची खूण

“ऊठ, कानात मुंग्या जातील!” विल्माने पुन्हा दटावलं. पाच वर्षांची सेरा मात्र मेणबत्ती आणि झेंडूची फुलं घेऊन गवतातल्या प्रत्येक उंचवट्याला कान लावत फिरत होती.

चूक सासऱ्यांचीच. वसईच्या या जुन्या दफनभूमीत त्यांच्या वडिलांच्या कबरीवर ना दगड, ना नाव. लाकडी क्रूस वाळवीने कधीच खाल्ला. “मग पणजोबा ओळखायचे कसे?” नातीने विचारलं, तर म्हणाले, “घोरण्यावरून! पपा घोरायला लागले की शेजारचा कुत्रा भुंकायचा.” डोळे मिटण्याआधी एकदा त्या मातीवर मेणबत्ती लावायची, एवढाच त्यांचा ध्यास. त्यात हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी आज हट्टाने सोबत आलेले.

“मम्मी, पणजोबा सापडले! आजोबांच्या खालीच आहेत!”

खाली? विल्मा धावली. चाफ्यामागे सासरे गवतात उताणे पडले होते. डोळे मिटलेले, पोटावर झेंडू, उशाशी मेणबत्ती खोचलेली. ती किंचाळली, “बाबा!”

उत्तरादाखल दणदणीत घोरणं ऐकू आलं. विल्मा मटकन खालीच बसली.

सासऱ्यांनी डोळे उघडले, मेणबत्ती पाहिली. “अगं, मला एवढ्यात कशाला?”

“केवढ्यांदा घोरत होतात, बाबा!” ती डोळे पुसत हसली.

“मी? मी आयुष्यात कधी घोरलो नाही,” सासरे ठसक्यात म्हणाले. मग एकदम थबकले आणि अंथरुणात वडिलांना जागा करून द्यावी तसे हळूच बाजूला सरकले.

“लाव गं इथेच. पपाच ते.”