ओरखडाही नाही

“पडली का हो?” गवंड्याने तिसऱ्यांदा विचारलं. चाचणीच्या मैदानावरची ती दीड हात जाड भिंत त्याने आठ दिवस खपून बांधली होती आणि साहेबांची नवी तोफ आज तिच्यावर चालत होती. सकाळपासून तो नुसता ऊठबस करत होता, कारण त्याचा मुलगा सरहद्दीवर होता आणि रोज फोनवर बाप त्याला एकच सांगायचा, भिंतीआड राहा.

“ओरखडाही नाही, मिस्त्री. चला, बघा.”

गवंड्याने भिंतीवरून हात फिरवला. “मग तुमचा गोळा नापास म्हणायचा, साहेब.”

“पहिल्या नंबराने पास,” साहेब हसले. “त्याला भिंतीला लागायचंच नव्हतं. यंत्र भिंतीपर्यंतचं अंतर मोजतं आणि गोळ्याला त्याच्या एक मीटर पुढचं सांगतं. तो वरून जातो आणि पलीकडे हवेतच फुटतो. या, मागे या.”

मागे पाच लाकडी पुतळे होते. सकाळी गवंड्यानेच गंमत म्हणून एकाच्या डोक्यावर आपली टोपी ठेवली होती. तिची चाळण झाली होती.

“साहेब, असला गोळा समोरच्यांकडे नसेल ना?”

“त्यांच्याकडे कधीचाच आहे. आपणच उशीर केला.”

खिशातला फोन वाजला.



“बाबा, उगाच घोर लावून घेऊ नका. अगदी भिंतीला पाठ टेकून बसलोय.”