तिसरा राजा

कल्पना करा, तुमचं बोट एका सोनेरी बटणावर आहे. ते दाबलंत आणि पडद्यावर इजिप्तचे तीन राजे गरागरा फिरू लागले. पहिला थांबला. दुसराही थांबला. तिसरा हळू झाला, अगदी हळू. त्याचा मुकुट दिसला, कपाळ दिसलं, आता डोळे दिसणार... तोच तो सरकला आणि त्याच्या जागी एक काळं मांजर येऊन बसलं. सांगा पाहू, तुमचं बोट बटणावरून उचललं जाईल का?

नऊ वर्षांच्या वल्लरीचंही उचललं गेलं नाही.

"सो क्लोज! बाबा, अजून एकदा!"

चिराग खूश झाला. हा खेळ त्याने कंपनीसाठी घरी बसून सात महिन्यांत बनवला होता. पिरॅमिड, वाळूचा आवाज, सोन्याचे किडे, सगळं त्याचं. आज चार वाजता त्याने लॅपटॉपवरचं एक बटण दाबलं, की खेळ जगभर उघडणार होता. मग लोक त्यात खरे पैसे लावणार होते. वल्लरीसाठी मात्र त्याने खोटी नाणी भरली होती. बाबाचं नवं काम सगळ्यांत आधी तिने बघायचं, हा त्या घरातला नेम होता.

त्यात आज खंडेनवमी. न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमध्ये वसंत ऋतू, शाळेला सुट्टी आणि झेंडूचा पत्ता नाही. म्हणून वल्लरीने अंगणातल्या कोफायच्या झाडाची पिवळी फुलं परडीभर आणली होती. "वर्षभर राबणारी हत्यारं आज पुजायची," चिरागने तिला सांगितलं होतं, "आणि एकदा फूल वाहिलं, की दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. आज ती निजतात."

पोरीने ते फार मनावर घेतलं. शेजारचा मुलगा सायकल फिरवायला बोलवायला आला, तर तिने दारातूनच सांगितलं, "सॉरी, माझी सायकल झोपलीय." आईचा स्टेथोस्कोप झोपला, बागेतलं फावडं झोपलं. आणि आता स्वयंपाकघरातून आईचा, अस्मिताचा आवाज आला, "अरे चिराग, तुझ्या लेकीने सुरीसुद्धा निजवली! मी कोथिंबीर हाताने तोडतेय!"

"माझा लॅपटॉप साडेचारला हं," चिराग वल्लरीला म्हणाला. "आधी चारचं काम, मग फूल."

"ओके." तिने पुन्हा बटण दाबलं. मुकुट, कपाळ, मांजर. "बघ! आता मला जमायला लागलंय. मी जिंकतच आलेय!"

इथे मात्र चिराग थबकला. लेकीला गणित चुकीचं कळलेलं त्याला कधी सोसायचं नाही. तो उठला, एका डब्यात एकोणचाळीस राजमे मोजून टाकले आणि वर एक काबुली चणा टाकला.

"डोळे मीट. एक दाणा काढ. चणा आला तर तू जिंकलीस. नाही आला, तर दाणा परत टाकायचा, डबा हलवायचा आणि पुन्हा काढायचा. माझा खेळ आतून असाच आहे. बटण दाबताक्षणीच दाणा निघालेला असतो. जमण्याचा, सरावाचा काही संबंध नाही."

वल्लरीने काढला. राजमा. पुन्हा राजमा. दहाव्या खेपेला तिने डोळे उघडून तळहातावरचा दाणा उलटासुलटा करून पाहिला.

"बाबा, यात 'सो क्लोज' येतच नाही."

"कसं येईल? राजमा तो राजमा."

"मग तुझ्या खेळात कसं येतं?"

चिरागने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उत्तर त्याला पाठ होतं. तिसऱ्या राजाने किती सावकाश सरकावं, हे त्याने पाच आठवडे घासूनपुसून ठरवलं होतं, आणि त्याबद्दल कंपनीने त्याची पाठही थोपटली होती.

"ते मी नुसतं तसं दाखवतो," तो म्हणाला. "दाणा आधीच निघालेला असतो. राजा नंतर सरकतो."

"का?"

"म्हणजे परत बटण दाबावंसं वाटतं."

"मी दाबलं," वल्लरी म्हणाली. "खूपदा दाबलं." तिने पडद्याकडे पाहिलं. तिसऱ्या राजाच्या जागी मांजर बसलं होतं. "बट दॅट्स प्रिटेंडिंग, बाबा. त्याला माहीत असतं, तरी तो येतो-येतो करतो."

"खेळच आहे गं तो."

"राजम्याचा पण खेळच आहे. तो नाही करत."

स्वयंपाकघरात पुऱ्या तळल्याचा चुर्र आवाज येत होता. त्याने घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढायला हात पुढे केला.

पण वल्लरीचा हात आधी पोचला. तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं, त्यावर चिमूटभर हळद वाहिली, मग कुंकू, परडीतलं शेवटचं फूल मधोमध ठेवलं, मनोभावे हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवून बाबाकडे पाहिलं.