कान झाकणारा हेडफोन

"कान पुरा झाकला पायजे," गिऱ्हाईक खड्या आवाजात म्हणालं. "आन् त्याच्यासंग तो डब्बा नको."

"डब्बा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर का?" हातातल्या रेडिओवरून नजर न उचलता हेमंतनं विचारलं.

उत्तर आलं नाही. हेमंतनं मान वर केली आणि रेडिओ हळूच बाजूला ठेवला. सात वर्षं ज्याच्या नावानं तो दातओठ खात होता, तो सावरगावचा गुणवंता त्याच्या पांढुर्ण्यातल्या दुकानात उभा होता.

गुणवंतानं त्याला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मधे पाण्यात रोवलेल्या पळसावर झेंडा, आणि तो मिळवायला दोन्हीकडून दगडगोट्यांचा मारा. गोटमारीच्या त्या धुमश्चक्रीत कोण कोणाचं तोंड लक्षात ठेवतो?

हेमंतनं ठेवलं होतं. एकोणऐंशीच्या गोटमारीत त्याचा धाकटा भाऊ अनिल झेंड्याकडे झेपावला, आणि गुणवंताच्या हातून सुटलेल्या गोट्यानं त्याचा डावा डोळा गेला. पोरगा रेल्वेत लागणारच होता. मेडिकलला दोन्ही डोळे लागतात. आता तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो.

गोटमारीतल्या जखमेचा राग धरू नये, ही दोन्ही गावांची रीत. हेमंतनं ती मोडली. झेंडा पडला, चंडीमातेचा जयजयकार झाला, सगळ्यांनी हातातले गोटे टाकले, आणि तेव्हा त्यानं एक उचलून गुणवंताला मारला. गुणवंता पाण्यात गुडघ्यावर आला खरा, पण लगेच उठून आपल्या पायांनी घरी गेला. रक्ताचा थेंब नाही. नेम चुकला होता, गुणवंताचा नुसता पाय घसरला असेल. पुढं महिन्याभरात गुणवंता सौंसरकडे सासुरवाडीच्या संत्र्याच्या बगीच्यात राहायला गेला, आणि हेमंत आतल्या आत जळत राहिला.

आता वैरी आपल्या पायांनी दारात आला होता.

"प्रवासासाठी पायजे का भाऊ?" हेमंतनं आवाजात साखर घोळवली.

गुणवंता त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. मग्रुरी काही गेली नव्हती.

"हो. संत्रे घेऊन इटारसीले जातो. गाडीत लय गर्दी रायते. मोठा द्या. दुरून दिसला पायजे."

"वॉकमन हाय ना?"

"हाय घरी."

हेमंत फळीकडे वळला. "हलका दाखवू का वजनदार?"

गप्प. उत्तर द्यायचीही तसदी नाही. हेमंतचा जबडा आवळला.

फळीवर दोन हेडफोन होते. एक लहान, मऊ गादीचा, वॉकमनच्या दोन सेलवर झकास वाजणारा. दुसरा नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेला, काळा, चांगला वाटीएवढा. दिसायला राजा, पण अ‍ॅम्प्लिफायरशिवाय कानात मुंगीसुद्धा चालायची नाही. हेमंतनं काळा उचलला.

काउंटरखाली दुकानाचा अ‍ॅम्प्लिफायर होताच. हेमंतनं वायर गुपचूप त्याला जोडली, वर दाखवायला वॉकमन ठेवला आणि बँडची कॅसेट लावली. इथं ढोल-ताशे ऐकवायचे, गाडीत बसल्यावर शुकशुकाट. डोळ्याच्या बदल्यात हे काहीच नव्हतं. पण सात वर्षांच्या उपाशी माणसाला शिळी भाकरही गोड लागते.

गुणवंतानं हेडफोन चढवला आणि तेवढ्यात लाईन गेली.

डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. हेमंतचा हात काउंटरखालच्या वायरकडे गेला. पकडलो गेलो!

पण गुणवंता मान डोलवत होता. काउंटरवर बोटांनी ताल धरत होता.

"वा! मस्त वाजून राहिलं," तो म्हणाला.

हेमंतनं हसू दाबायला ओठ चावला. गाढवाला गुळाची चव काय! नुसता जाणकार असल्याचा आव. गुणवंतानं घासाघीस न करता पैसे दिले, हेडफोन कानांवर तसाच ठेवला, वायरचं टोक खिशात कोंबलं आणि पायऱ्या उतरला. समोर कडुनिंबाखाली त्याची बायको मालती पिशवी घेऊन उभी होती.

दोघं चालू लागले आणि हेमंतला राहवेना. वैऱ्याला कळलंच नाही तर तो सूड कसला? तो वळला की अनिलचं नाव त्याच्या तोंडावर फेकायचं, असं ठरवून हेमंत पायरीवर येऊन ओरडला.

"ओ गुणवंता! लाईन गेली तवाच बंद पडलं होतं ते! काय ऐकून राहिला होता बे?"

रस्त्यावरची चार माणसं वळली. गुणवंता वळला नाही. मालती मात्र नवऱ्याला कोपऱ्यावर थांबवून लगबगीनं परत आली.

"दादा, ओरडू नका," ती हळूच म्हणाली. "त्यायले काईच ऐकू येत नाही. तोंडाकडं पाहून समजून घेतात. घरी वॉकमन बी नाही."

"मंग हे..."

"गाडीत लोक सरक म्हणतात, हे सरकत नाही. मंग लोक अंगावर धावून येतात. एकदा मारलं बी. कानावर हे असं मोठं दिसलं का हात लावून बोलतीन."

हेमंत एक पायरी खाली उतरला. "कवापासून हाय असं?"

"एक कान तर लहानपनीच गेला होता. दुसरा गोटमारीत. खेळात गेला असता तर काई म्हनलं नसतं, दादा," मालती म्हणाली. "झेंडा पडल्यावर मारला कोनंतरी."