पाहुणीची लाईन

“गेली गं!” तळमजल्यावरून मालकीणबाईंनी हाळी दिली. पहिल्या मजल्यावर शिंपीदादांनी ती झेलली, दुसऱ्यावर ड्रायव्हरच्या बायकोनं, आणि तिसऱ्या मजल्यावर पाहुणीच्या दाराशी येईस्तोवर तिचं गाणंच झालं होतं.

पाहुणीच्या घरात मात्र दिवा जळत होता. खाटेशेजारी यंत्र घरघरत होतं आणि त्याच्या नळीतून तिच्या आईला श्वास मिळत होता.

नोकरीसाठी ती आईला घेऊन या देशात आली, त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. तिच्या गावी वीज जाऊ शकते, हेच लोक विसरून गेले होते. इथं ती भाषा शिकली, घासाघीस शिकली, शेजाऱ्यांच्या पोरांना दटावायलाही शिकली. तरी इमारतीनं ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. पाहुणी ती पाहुणीच.

आल्या आल्याच एका संध्याकाळी अख्खी इमारत काळोखात बुडाली होती. यंत्र थांबलं. आईचे ओठ निळे पडले. शिंपीदादांनी आणि ड्रायव्हरनं तिला खुर्चीसकट उचलून जिने उतरवलं, दवाखान्यात नेलं, म्हणून ती वाचली. फ्यूज घालायला आलेल्या माणसानं जिन्यात सगळ्यांना सांगितलं, की वायर म्हातारी झालीय, संध्याकाळी सगळ्यांनी एकदम भार टाकला की बसकण मारते. नवी कधी, ते वरच्यांना ठाऊक.

पाहुणी वीज कचेरीत गेली. साहेबांसमोर रडू आवरलं नाही. साहेब म्हणाले, बघतो.

आणि साहेबांनी बघितलं. त्या आठवड्यापासून तिची लाईट जायची थांबली. सगळ्या इमारतीत अंधार आणि एका तिच्याच खिडकीत उजेड. तिनं ओशाळून जिन्यात सांगितलं, की मला वेगळी लाईन दिलेली दिसते.

“तर काय,” मालकीणबाई म्हणाल्या. “लांबून आलेल्याचा मान ठेवावाच लागतो.” ड्रायव्हरच्या बायकोला कसलं हसू फुटलं कोण जाणे, ती तोंड दाबून आत पळाली.

तेव्हापासून आईला औषध दिलं, की पाहुणी थोडा वेळ जिन्यात येऊन बसे. अंधाराला इतकं लाडानं वागवणारी माणसं तिनं पाहिली नव्हती. मालकीणबाई चाचपून भाजी निवडत आणि एकही कीड सुटू देत नसत. ड्रायव्हरची बायको पुठ्ठ्यानं वारा घेता घेता नवऱ्याच्या घोरण्याची अशी नक्कल करी, की नवराच आधी हसे. शिंपीदादा डोळे मिटून सुईत दोरा ओवत. कुणी वीज कंपनीला शिवी घालत नव्हतं. जेवणं उरकली, पोरं पेंगली, की लाईट येई आणि जो तो आपापल्या दाराआड जाई, जत्रेतून परतल्यासारखा.

पाहुणीला मात्र घास गोड लागत नसे. आपल्या घरातून एक वायर खाली सोडते, निदान एकेक दिवा तरी लावा, असं तिनं कितीदा विनवलं. सगळे कानाला हात लावत. आमची नजर लागेल तुझ्या लाईनीला, म्हणत.

आजची संध्याकाळ वेगळी होती. उद्या सकाळी शिंपीदादांच्या लेकीचं लग्न होतं आणि तिच्या झग्याचा घेर अजून सुटाच होता. मोटर लावलेलं मशीन मुकं बसलं होतं. शिंपीदादा मेणबत्ती लावून हातानंच टाके घालत होते. आयुष्यभर परक्यांच्या लेकींचे झगे शिवलेला माणूस, स्वतःच्या लेकीचा झगा डोळ्यांतलं पाणी पुसत शिवत होता. लेक शेजारी बसून म्हणत होती, की बाबा, वाकडा झाला तरी मी घालीन.

पाहुणी वर गेली आणि आईला सारं सांगितलं. कोपऱ्यात अडीअडचणीसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता. आई त्याला भीत असे. मागचा मध्येच संपला होता.

आईनं यंत्राकडे बघितलं.

“मला सिलिंडरवर घाल,” ती म्हणाली. “तुझी लाईन तासभर त्या पोरीला दे.”

“आई, मध्येच संपला तर?”

“संपायच्या आत शिवून होईल. हात चालतो त्याचा.”

पाहुणीनं नळी बदलली, शिंपीदादांच्या लेकीला आईपाशी बसवलं आणि नाक्यावरच्या वायरमनला बोलावून आणलं. वाटेत त्याला समजावलं, की माझ्या एकटीची लाईन वेगळी आहे, तेवढी शिंपीदादांच्या घराला जोडून दे. वायरमननं डोकं खाजवलं.

त्याला पाहताच ड्रायव्हरच्या बायकोच्या हातातला पुठ्ठा थांबला.

“याला कशाला आणलंस?” मालकीणबाई उठल्या. “मीटरच्या कपाटाची किल्ली हरवलीय.”

“किल्ली कशाला हवी?” वायरमननं पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

“राहू दे गं पाहुणी,” शिंपीदादा हातातला झगा तसाच घेऊन जिन्याशी आले. “झालंच बघ माझं. खरंच झालं. तू वर जा, आईपाशी बस.”

पाहुणीला वाटलं, भिडस्त माणूस, उपकार नको म्हणतोय. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वायरमनला खूण केली.

जिन्याखालच्या कपाटाचं दार कुरकुरत उघडलं. आत साऱ्या घरांच्या मीटरांवर लाल दिवे जागे होते. वीज कुठंच गेली नव्हती. मीटरांखालचे खटके ओळीनं हातानं खाली ओढलेले होते, आणि त्या ओळीत वर होता तो एकच, पाहुणीचा.