दुसरी ओळ

"पहिली ओळ कुणाचीही उचल गं, दुसरी मात्र स्वतःच्या पोटातून आण." शिवणाच्या खोलीत बायका गाणी जोडायच्या, तेव्हाची ही मावशीची शिस्त. लहानपणी ऐकलेला तो आवाज आज मावशीच्या दारात पाऊल टाकताच भाचीच्या कानात वाजला. या भाचीची अंगाई घरोघर पोचली होती, पण तिच्या नावावरच्या त्या दोन ओळींत तिची एकही नव्हती.

*नीज येते गं, पाऊल न वाजवता,*
*माझी सोनुली निजली, दिवा आणू नका आता.*

मावशी सदऱ्याला काज करत बसली होती. "मोठी झालीस हो! बाजारातसुद्धा तुझंच गाणं."

"आपल्या सगळ्यांचंच ते, मावशी," भाची घाईघाईने म्हणाली. "तुम्ही सगळ्याजणी गायचात ना, तेच."

"पहिली ओळ गायचो."

"आणि दुसरी? तू तर काज करताना सारखी पुटपुटायचीस!"

मावशीने सुई कापडात खोचून ठेवली.

"ते गाणं नव्हतं गं. माझी सोनुली उठेना, तेव्हा दिवा घेऊन धावत आलेल्या बायकांना मी तसं म्हणाले होते."