नकाराआधी

डॉक्टरांनी दुपारी सांगितलं, मुलीचा मेंदू मृत झालाय, श्वास फक्त यंत्राचा आहे. अवयवदानाचं विचारायला आलेल्या समुपदेशक बाईंकडे बापाने मान वळवूनही पाहिलं नाही. तो मुलीचा चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. अचानक म्हणाला, "लोकांच्या लेकरांचं मागत फिरता, स्वतःच्या कुणाचं दिलंत का?" हो म्हणून टाकलं असतं, तर कोण शहानिशा करणार होतं? पण बाईंच्या तोंडून खोटं निघेना. "नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या वेळी मलाही असंच विचारायला एकजण आली होती. मी तिला धड बोलूही न देता हाकललं. पुढे माफी मागायला गेले, तर ती वारली होती." बापाने चष्म्याच्या काड्या मिटल्या. "बोला. सगळं ऐकून घेतो," तो म्हणाला, "पण शेवटी नाहीच म्हणणार." "चालेल," त्या म्हणाल्या.